निळ्या पिंपापर्यंत

२ एप्रिल

मास्तरीणबाई,

तू तळ्यावर पोचलीस हे कंडक्टरने सांगितलं. शिवाय ही बस तळ्यालाच जाते ना, असं तू त्याला वाटेत तीनदा विचारलंस, हेही सांगितलं. अगं, तो रस्ता तळ्याशीच संपतो. त्याच्या पुढे गेली असती तर बसला वल्ही लावावी लागली असती.

माझा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि मी तुझ्या आईच्या ताब्यात आहे. दोहोंत जास्त जड कोण ते विचारू नकोस, ती समोरच भाजी निवडत बसली आहे. तिला वाचता येत नाही, पण लिहिताना मी हसलो की तिला बरोबर कळतं.

फोन करू नकोस. धक्क्यावर रेंज येत नाही, आणि वरच्या वळणावर जाऊन ओरडून बोललेलं अख्ख्या बाजाराला ऐकू जातं. पत्र लिही, कंडक्टरकडे दे. तू घरातली पहिली पदवीधर होणार, लिहायला तुला काय कमी? निकाल लागेपर्यंत घरी नखं खात बसण्यापेक्षा माझ्या बोटी सांभाळ.

आता कामाचं. पेडलच्या बोटींपैकी चार नंबरच्या हंसाची चोच तुटली आहे म्हणून गिऱ्हाईक त्याला नाक मुरडतं, पण सगळ्यांत सरळ तोच चालतो. मुलांना आधी जॅकेट, मग आइस्क्रीम. उलटं केलंस तर जॅकेटं धुवत बसशील. दुपारनंतर वारा आपल्याकडून पलीकडे वाहतो. लोक हसत खिदळत पेडल मारत पलीकडच्या काठाला जातात, परत यायची वेळ आली की पाय बोलायला लागतात. मग बोट तिथल्या धक्क्याला सोडून तिथूनच बस पकडतात. सकाळचा वारा उलटा असतो, तेव्हा पलीकडची माणसं आपल्याकडे येऊन हेच करतात. हे चालायचंच.

म्हणून रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी पलीकडच्या काठावर बोटी भाड्याने देणाऱ्या बाईंच्या आपल्याकडे राहिलेल्या बोटी वल्ह्याच्या होडीला बांधायच्या आणि तळ्याच्या मध्यावर निळं पिंप तरंगतंय तिथपर्यंत न्यायच्या. त्या आपल्या घेऊन येतात. तिथे अदलाबदल. पिंप ही हद्द. मी त्यांच्या काठावर पाय ठेवायचा नाही, त्यांनी माझ्या, असं पहिल्या वर्षी कडाक्याच्या भांडणात ठरलं, ते आजतागायत आहे.

त्या आल्या नसतील तर थांबायचं. त्यांचा गुडघा दुखतो, तो कसा आहे विचारायचं. चहा त्या आणतात, कप आपला न्यायचा. कान तुटलेला तो माझा. आभाळ भरलं असलं तरी जायचं. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही. बाकी एखादं काम राहिलं तरी चालेल.

तुझा लंगडा मामा

५ एप्रिल

ती. मामास,

तुझ्या पायाला आराम पडत असेल अशी आशा करते. आईला त्रास देऊ नकोस.

सगळ्या बोटी मोजल्या, पुसल्या, जॅकेटांचे पट्टे तपासले. दोन पट्ट्यांची शिवण उसवली होती, ती घातली. धक्क्याच्या ज्या फळीवरून तू घसरलास तिला वाळू लावली आहे.

सकाळच्या कामाबद्दल खरं तेच लिहिते. मला पाण्याची भीती वाटते हे तुला माहीत आहे. काल पहिल्यांदा पिंपापर्यंत गेले तेव्हा मी एकावर एक दोन जॅकेटं घातली होती. होडी सारखी गोल फिरत होती. पिंप दिसायचं, मग डोंगर दिसायचा, मग पुन्हा पिंप. पलीकडच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मामाने भाची पाठवली आहे की गादी?"

मी गुडघ्याचं विचारलं. म्हणाल्या, "माझा गुडघा जागेवर आहे. त्याचा पाय कसा आहे?" मी डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. बहुधा त्यांना कमी ऐकू येत असावं. मग त्यांनी चहा ओतला. मी म्हटलं, कामावर असताना मी कुणाकडून काही घेत नाही. त्यांनी तो परत थर्मासमध्ये ओतला आणि झाकण फार घट्ट लावलं.

परत येताना एक वल्हं हातातून सुटलं. ते त्यांनीच काढून दिलं.

मामा, या अदलाबदलीत दोघांचाही सकाळचा सगळ्यांत चांगला वेळ जातो. यावर काही उपाय करता येईल का, याचा मी विचार करते आहे. तुझं ओझं कमी झालं तर मला फार बरं वाटेल.

तुझी भाची

८ एप्रिल

मास्तरीणबाई,

चहाला नाही म्हणालीस?

त्या चहात त्या साखर बेताची घालतात, कारण मला गोड चालत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तुला गोड हवा असेल तर सांग त्यांना, पण घे. त्यांना कमी ऐकू येत नाही. तळ्यावर कुणाचं पोर रडलं तर आपल्याआधी त्यांना कळतं.

उपायबिपाय शोधू नकोस. ओझं कसलं? मला काही ओझं नाही. तू फक्त जात जा.

मामा

ता. क. पाय त्यांनी दोनदा विचारला, म्हणजे नेमकं काय म्हणाल्या? जसंच्या तसं लिही.

१२ एप्रिल

ती. मामास,

तुझं पत्र मिळायच्या आतच मी उपाय करून टाकला होता, याबद्दल रागावू नकोस. एक आनंदाची बातमी आहे. चार दिवसांत आपली एकही बोट पलीकडे राहिलेली नाही!

मी धक्क्यावर बोर्ड लावला आहे. पांढऱ्यावर निळी अक्षरं. आधी कागदावर मजकूर लिहून बघितला, कुणाला उद्धट वाटू नये म्हणून तीन वेळा बदलला. आता असा आहे: "बोट ज्या काठावरून घेतली त्याच काठावर परत करावी, ही विनंती. अन्यथा अनामत परत मिळणार नाही." शिवाय वारा फिरायच्या आधी मी भोंग्यावरून सगळ्यांना परत बोलावते. लोक कुरकुरतात, पण येतात. एक आजोबा म्हणाले, "पोरी, मी सैन्यात होतो, तिथेही इतकं कुणी ओरडत नव्हतं."

असाच एक बोर्ड रंगवून कंडक्टरकडून पलीकडच्या बाईंनाही पाठवला, नाहीतर नियम एकतर्फी झाला असता. रंगाचे पैसे माझे घातले. त्यांनी तो लावला असावा, कारण त्यांच्याही बोटी आता आपल्याकडे येत नाहीत. त्यामुळे पिंपापर्यंत जायची गरजच उरली नाही. दोन्ही जॅकेटं वाळत घातली आहेत.

पायाबद्दल त्या नेमकं म्हणाल्या होत्या, "दुखतोय का त्याला? खरं सांग, तो सांगणार नाही." आधी लिहायचं राहून गेलं, क्षमा कर.

तुझी भाची

१५ एप्रिल

मास्तरीणबाई,

बोर्ड काढ.

कारणं सांगतो. एक म्हणजे, बोटी एकाच काठाला बांधून ठेवल्या की एकाच बाजूने उन्हाने तडकतात. दुसरं, सकाळी वल्हवल्याने भूक चांगली लागते. तिसरं, पिंपाला शेवाळ धरतं, रोज कुणीतरी जाऊन त्याला हात लावावा लागतो. चौथं आत्ता आठवत नाही, पण आहे.

तुझी आई विचारतेय की पोरगी खुशीत आहे ना. मी लिहितो की आहेस.

त्या काही म्हणाल्या का?

मामा

१९ एप्रिल

ती. मामास,

तुझी सगळी कारणं मी नीट विचारात घेतली. बोटी आता रोज संध्याकाळी उलट्या तोंडाने बांधते, म्हणजे ऊन दोन्ही बाजूंना सारखं लागेल. भूक मला तशीही चांगली लागते. पिंपाचं शेवाळ काढायला मासेमारांना सांगितलं आहे, ते येताजाता काढतील. चौथं कारण आठवलं की कळव, त्याचीही व्यवस्था करीन. तोवर बोर्ड राहू देते, कारण नियम लावायचा आणि लगेच काढायचा याने लोकांचा विश्वास जातो.

पलीकडच्या बाईंची चिठ्ठी आली आहे. जशीच्या तशी उतरवते: "बोर्ड मिळाला. अक्षर चांगलं आहे. तुझ्या मामांना सांग, बोर्ड पाठवायची गरज नव्हती, तोंडाने सांगितलं असतं तरी मला समजलं असतं. मोसम संपला की बोटी विकून भावाकडे राहायला जाणार आहे. घेणारा येऊन बघून गेला. आपल्या बोटीचा एक दोर माझ्याकडे राहिला होता, तो सोबत पाठवते."

दोर मिळाला. धुवून, गुंडाळून पाठवला आहे त्यांनी, तो या पत्रासोबत तुला पाठवते. मला त्यांच्या सचोटीचं फार कौतुक वाटलं.

मामा, म्हणजे पुढच्या मोसमापासून तळ्यावर आपण एकटेच! तुला आनंद होईल म्हणून हे पत्र दुपारच्याच बसने पाठवते आहे.

तुझी भाची

२१ एप्रिल

दुपारच्या बसने निघतो.

मामा

२२ एप्रिल

लाडके,

हे पत्र मी शेजारच्या शिंपीकाकांकडून लिहून घेते आहे. तुझ्या मामाला लिहायला सांगितलं असतं तर निम्मं त्याने गाळलं असतं.

तुझा मामा काल बसस्टँडवर सापडला. प्लास्टरचा पाय घेऊन, रिक्षावाल्याला पटवून. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत धुतलेला दोर. बसच्या पायरीवर प्लास्टर काही चढेना, तर ड्रायव्हरला म्हणतो, मला टपावर टाका. चौघांनी उचलून घरी आणला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडला आहे. डॉक्टर म्हणाले हाड ठीक आहे. मी म्हटलं, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. हाडाला काय धाड भरली आहे!

अगं, त्या पिंपाशी तो बोटी बदलायला जायचा, असं तुला खरंच वाटलं? मी एकदा तळ्यावर राहायला आले होते. रोज पहाटे उठून दाढी करायचा. बोटींसाठी कुणी दाढी करतं का? हंसांना काय त्याचं!

तुझी चूक नाही म्हणा. तो तोंडाने कधी बोललाय? लहानपणीही याला भूक लागली की हा म्हणायचा, ताईला भूक लागली आहे.

(शिंपीकाका म्हणतात त्यांनाही एक वाक्य लिहायचं आहे: मुली, उसवलेलं लवकर शिवावं, नाहीतर कापड हसतं.)

आता तू बघ काय ते. त्याला मी हे लिहिल्याचं सांगू नकोस. त्याला वाटतं आम्हाला कुणाला काही कळत नाही.

आई

२६ एप्रिल

मामा,

आज मायना सुचत नाही. आधी बोलायचं ते बोलते. मी फार मोठी चूक केली, आणि वर ती सुवाच्य अक्षरात केली. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, मी खोटं बोलणार नाही आणि खरं सांगायला मला बंदी आहे.

हे कळलं त्याच दिवशी बोर्ड काढला. वाटलं, आता लोक पुन्हा पलीकडे बोटी सोडतील, की काम झालं. कसलं काय! मी इतकं ओरडून शिकवून ठेवलं होतं की बोर्ड नसतानाही सगळे वेळेत परत. मी एका जोडप्याला म्हटलं, "पलीकडे सोडलीत तरी चालेल हं." तर नवरा म्हणतो, "नको बाई, तुमची ख्याती ऐकली आहे."

तेव्हा मी ठरवलं की गिऱ्हाईक जात नसेल तर आपण जायचं. काल दुपारी वारा फिरल्यावर चार नंबरचा हंस घेतला. भाडं आणि अनामत आधी डब्यात टाकली, कारण घरच्याला वेगळा नियम असू नये. जॅकेट एकच घातलं. मामा, त्या हंसाला चोच नाही, पण तो खरंच सरळ चालतो. पिंपाच्या पुढे गेल्यावर खाली किती खोल असेल हा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि तोच करत राहिले. धक्क्याला पोचले, हंस बांधला, आणि पलीकडच्या बाई टपरीतून बाहेर यायच्या आत पळत जाऊन बस पकडली. फाट्यावर बस बदलून, तळ्याला वळसा घालून आपल्या काठावर यायला दिवस मावळला. सबंध वाटभर वाटत होतं की मी काहीतरी चोरून पळते आहे. खरं तर मी बोट ठेवून आले होते.

अनामत जप्त झाली. डब्यातच आहे.

आज सकाळी पिंपापाशी गेले. त्या आलेल्या नव्हत्या. तू लिहिलं होतंस, थांबायचं. थांबले. होडी गोल फिरायला लागली म्हणून पिंपाला हात धरून बसले. शेवाळ अजिबात नाही त्याला, गुळगुळीत आहे. वाटलं, नाही येणार. वाटलं, घेणारा हंसही घेऊन गेला. इतक्यात त्या आल्या, मागे चार नंबर.

म्हणाल्या, "हा हंस कुणी सोडला?"

"मी."

"बोर्ड वाचला नाहीस?"

"मीच लिहिला होता. मामाला विचारलं नव्हतं. त्याने काढ म्हणून लिहिलं, तरी काढला नाही. तो बोर्ड त्याचा नव्हता, माझा होता." एवढं एका दमात बोलले आणि मग रडूच फुटलं. पिंप सोडता येत नव्हतं, म्हणून नाकही पुसता येईना.

त्यांनी आपली होडी माझ्या होडीला टेकवली. थर्मास काढला, चहा ओतला, माझ्यापुढे धरला. मी एका हाताने घेतला. बेताचाच गोड होता.

मग म्हणाल्या, "पावसात गिऱ्हाईक नसतं. तळ्यावर चिटपाखरू नसतं. तरी तुझ्या मामाच्या बोटी माझ्या काठाला लागायच्या. कधी दोन नंबर, कधी हा चोच नसलेला. मी आपलं समजून चालले, त्याला गाठ मारता येत नसेल."

मी म्हटलं, "मामाची गाठ तर सोडताना माझी नखं तुटतात."

"ते मलाही ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दोर धुताना बघितलं मी."

मी भीत भीत विचारलं, "पण पावसात तुमच्याही बोटी आमच्याकडे यायच्या. मामा दर पावसाळ्यात घरी सांगायचा. तुमच्या गाठी सुटायच्या?"

त्यांनी कप माझ्या हातातून घेतला, तळ्यात विसळला, पदराने पुसला. "माझ्या गाठी सुटत नाहीत," म्हणाल्या. "मी सोडते."

आणि मग इतक्या हसल्या की त्यांची होडी हलायला लागली, आणि तिच्यामुळे माझी. मामा, मी पाण्यावर हसले! पिंप कधी सुटलं कळलंच नाही.

बोटी विकण्याचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मी तुझ्याशी बोलणार नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याला लिहीन." चिठ्ठी माझ्याकडे दिली आहे. घडी घातलेली होती. मी उघडली नाही. देवाशपथ.

हंस मात्र त्यांनी दिला नाही. परत घेऊन गेल्या. नियमाप्रमाणे हे चुकीचं आहे, पण मी काही बोलले नाही.

तुझी भाची

(सोबतची चिठ्ठी)

तुमचा चार नंबर माझ्याकडे आहे. देणार नाही. प्लास्टर निघालं की स्वतः येऊन न्यावा. पिंपाशी नको, गुडघा दुखतो. काठावर या.

घेणाऱ्याला सांगितलं आहे की सध्या बोटी विकायच्या नाहीत. भाव पडला आहे असं कारण दिलं. खरं कारण काय ते आल्यावर तुम्ही सांगा, मला तोंडाने ऐकायचं आहे.

साखर सोडली नसेल तर सोडा.

१० जून

मास्तरीणबाई,

निकालाचे पेढे पोचले. मला चालत नाहीत म्हणून निम्मे इथल्या मासेमारांना वाटले, निम्मे पलीकडे दिले. घरातली पहिली पदवी आमच्या तळ्यावर दोन्ही काठांनी खाल्ली, असं समज. नोकरीवर रुजू झालीस की पहिल्या दिवशी कुणी चहा देऊ केला तर नाही म्हणू नकोस.

परवा गेलो. काठी घेऊन, दोन नंबरमध्ये बसून, तुझ्या आईने इस्त्री केलेला शर्ट घालून. दाढी केली होती. पिंपापाशी जरा थांबलो. सवयीने. मग पुढे गेलो.

त्यांचा धक्का ओला होता. माझी काठी घसरेल म्हणून त्यांनी एक फळी आडवी टाकून ठेवली होती. पाय ठेवला आणि खाली बघितलं, तर तुझा बोर्ड. "बोट ज्या काठावरून घेतली त्याच काठावर" इथपर्यंत वाचता आलं, पुढचं माझ्या बुटाखाली होतं.

जे तोंडाने सांगायचं होतं ते सांगितलं. काय सांगितलं ते लिहीत नाही, तू सगळ्याची नीट नक्कल करून ठेवतेस. सांगायला वेळ लागला, मधे मी दोनदा चहा मागितला. शेवटी त्याच म्हणाल्या, "इतकी वर्षं बोटी सोडत होतात, आता शब्द सोडा." सोडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढंच होतं ना? मग पाय मोडायची काय गरज होती?"

पुढचं सगळं तुझी आई ठरवणार आहे. आत्ताच सांगतोय, ती कुणाचं ऐकणार नाही. शिंपीकाकांनी माझं माप घेतलंसुद्धा.

निघायला उशीर झाला. वारा उलटा फिरला होता. दोन नंबर वळवायला गेलो, तर त्या काठावरूनच म्हणाल्या, "या पायाने पेडल मारणार? बोट राहू द्या. बसने जा."

मी म्हटलं, "आमच्या मास्तरणीचा नियम आहे. अनामत जाईल."

म्हणाल्या, "जाऊ दे."

तेव्हा आता दोन नंबर आणि चार नंबर दोन्ही पलीकडे आहेत. अनामत तुझ्या डब्यात टाकली, तुझ्या शेजारी माझी. उद्या सकाळी त्या एक बोट घेऊन पिंपापर्यंत येणार आहेत. एकच. दुसरी मला परवा जाऊन आणावी लागेल.

तुझा मामा